‘फ्लो’ची जगभरातली तिकीटबारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाटविया या छोट्या देशातून आलेल्या ‘फ्लो’ या अॅनिमेशनपटाला मार्च २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले, तेव्हापासून लातूर, नांदेड, परभणीकडच्या चित्रपटप्रेमी मंडळींशी बोलताना तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा निघत आले आहेत. त्यांतले बहुतेक प्रश्न चित्रपटाच्या कथेविषयी नसून पैशांविषयी आहेत, आणि त्यात काही गैर नाही; ज्या भागात पिकाचा भाव आणि हाती आलेली रक्कम यांतला फरक शाळकरी मुलालाही कळतो, त्या भागात हे प्रश्न जास्त नेमकेपणाने विचारले जातात, असा माझा अनुभव आहे.

हा चित्रपट नेमका कोणाचा, आणि त्याला ‘स्वतंत्र’ का म्हणतात?

दिग्दर्शक गिंट्स झिलबालोडिस हे लाटवियाचे असून चित्रपट लाटविया, फ्रान्स आणि बेल्जियम या तीन देशांची सहनिर्मिती आहे. महापुरात सापडलेले एक गडद करडे मांजर, आणि त्याच्यासोबत एकाच होडीत आलेले कुत्रा, लेमूर, कॅपिबारा आणि सेक्रेटरी पक्षी, एवढीच पात्रे. सुमारे ८५ मिनिटांच्या या चित्रपटात एकही संवाद नाही. ‘स्वतंत्र’ म्हणण्याचे कारण असे की त्यामागे हॉलिवूडच्या कोणत्याही मोठ्या स्टुडिओचे भांडवल नव्हते. सुमारे ३५ लाख युरोंचे बजेट प्रामुख्याने सार्वजनिक चित्रपट निधी, प्रादेशिक अनुदाने आणि दूरचित्रवाणी वाहिनीचा सहभाग यांतून उभे राहिले. स्वतंत्र म्हणजे एकट्याने केलेला असे मात्र नव्हे. एकट्याने केलेला चित्रपट झिलबालोडिस यांचा त्याआधीचा, २०१९ सालचा ‘अवे’.

जगभरात एकूण किती कमाई झाली?

साडेतीन कोटी डॉलरच्या पुढे. २०२५ च्या सुरुवातीच्या विनिमय दराने हे ३०० कोटी रुपयांच्या आसपास जाते, तर बजेट साधारण तीस-बत्तीस कोटी रुपयांचे ठरते. म्हणजे खर्चाच्या सुमारे दहापट रकमेची तिकिटे विकली गेली. या वाक्यातला ‘तिकिटे विकली गेली’ हा शब्दप्रयोग मी मुद्दाम केला आहे. ‘कमाई’ म्हटले की पुढचा प्रश्न हमखास येतो, आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

म्हणजे निर्मात्यांना ३०० कोटी मिळाले का?

नाही, आणि त्याच्या जवळपासही नाही. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, सोयाबीनची गाडी उतरवलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. फलकावर लिहिलेला भाव वेगळा, आणि हमाली, तोलाई, वाहतूक वजा होऊन पट्टीवर, म्हणजे हिशेबाच्या चिठ्ठीवर, उरलेली रक्कम वेगळी. आडत कोणी भरायची हा जुना वाद बाजूला ठेवला तरी भाव गुणिले क्विंटल म्हणजे आपल्या हातातले पैसे, असे कोणी शेतकरी समजत नाही. वर्तमानपत्रात येणारा तिकीटबारीचा आकडा हा फलकावरचा भाव असतो. पट्टी सहसा छापून येत नाही.

आपल्याकडच्याच एका तिकिटाचे उदाहरण घेऊ. समजा तिकीट करासह १५० रुपयांचे आहे. शंभर रुपयांवरील तिकिटाला १८ टक्के जीएसटी असल्याने त्यातले सुमारे २३ रुपये कराचे, आणि उरलेले १२७ रुपये निव्वळ. व्यवसायातली मंडळी १५० ला ‘ग्रॉस’ आणि १२७ ला ‘नेट’ म्हणतात. या १२७ मधला मोठा वाटा चित्रपटगृहाचा असतो. आपल्याकडील मल्टिप्लेक्समध्ये वितरकाचा हिस्सा पहिल्या आठवड्यात निम्मा आणि पुढच्या आठवड्यांत उतरत जाणारा, अशी पद्धत रूढ आहे, त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या प्रेक्षकाचे सुमारे ६३ रुपये वितरकाकडे जातात. यालाच ‘शेअर’ म्हणतात. वितरक त्यातून आपले कमिशन घेतो, जाहिरातीचा आणि प्रती पाठवण्याचा खर्च वसूल करतो, आणि त्यानंतर काही शिल्लक राहिले तर ते निर्मात्याच्या दिशेने निघते. चित्रपट परदेशी असेल तर वाटेत आणखी एक मुक्काम असतो, तो आंतरराष्ट्रीय विक्री प्रतिनिधीचा; ‘फ्लो’च्या बाबतीत हे काम शराद या फ्रेंच कंपनीकडे होते. तिचेही कमिशन आणि खर्च वजा होतात. प्रत्येक देशात कराचा दर वेगळा, चित्रपटगृहाचा वाटा वेगळा. फ्रान्समध्ये तर प्रत्येक तिकिटामागे १०.७२ टक्के विशेष कर घेतला जातो आणि तो पैसा तिथल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्रामार्फत पुन्हा चित्रपटनिर्मितीच्या साहाय्याकडे वळतो. ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते, कारण हॉलिवूडचा चित्रपट पाहणारा फ्रेंच प्रेक्षकही त्यामुळे नकळत एखाद्या लहान चित्रपटाला हातभार लावत असतो.

मग निर्मात्याला पैसा मिळतो तरी कधी?

बहुतेक वेळा चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, आणि तिकीटबारीशी थेट संबंध नसलेल्या रूपात. विक्री प्रतिनिधी एकेका देशाचे हक्क एकेका वितरकाला विकतो आणि त्याबद्दल वितरक एक ठरावीक रक्कम आगाऊ देतो. तिला ‘मिनिमम गॅरंटी’ म्हणतात. बीडकडच्या वाचकांना ऊसतोडीची उचल ठाऊक आहेच. मुकादमाने हंगामाआधी दिलेली रक्कम जशी हंगामातल्या कामातून फिटते आणि ती फिटेपर्यंत हातात नवे काही पडत नाही, तशीच ही रक्कम त्या देशातल्या वसुलीतून आधी वळती होते आणि त्यानंतरच निर्मात्याचा पुढचा हिस्सा सुरू होतो. साम्य एवढ्यावरच संपते, हे सांगितले पाहिजे. उचल घेतलेल्या कुटुंबावर ती फेडण्याचा बोजा पुढच्या हंगामातही राहतो. चित्रपट चालला नाही तर मिनिमम गॅरंटी परत करावी लागत नाही, तो तोटा वितरकाचा.

या पद्धतीमुळे लहान चित्रपटाच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडू शकते. एखाद्या देशात चित्रपट भरपूर चालतो, तिथला वितरक मालामाल होतो, आणि निर्माता मात्र आधी स्वस्तात विकलेल्या हक्कांकडे पाहत बसतो. म्हणून हक्क केव्हा विकले गेले, महोत्सवातल्या कौतुकाआधी की नंतर, ही गोष्ट एकूण आकड्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, निर्णायक असते.

महोत्सवांचा आणि तिकीटबारीचा संबंध काय?

स्वतंत्र चित्रपटासाठी महोत्सव हाच मोंढा असतो. ‘फ्लो’ मे २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या ‘अं सर्तें रगार’ विभागात प्रथम दाखवला गेला. जूनमध्ये फ्रान्समधल्याच आन्सी येथील अॅनिमेशन महोत्सवात त्याला चार पुरस्कार मिळाले, त्यात परीक्षकांचा आणि प्रेक्षकांचा असे दोन्ही होते. हे दोन एकत्र येणे वितरकाला फार बोलके वाटते. परीक्षकांनी वाखाणलेला चित्रपट समीक्षकांच्या स्तंभात चालतो, प्रेक्षकांनी निवडलेला चित्रपट सुटीच्या दुपारी चालतो, आणि एकाच चित्रपटाने दोन्ही मिळवले की खरेदीदारांची चढाओढ लागते.

लाटवियासारख्या छोट्या देशात तो किती चालला?

याचे उत्तर मला सर्वांत विलक्षण वाटते, म्हणून थोडे सविस्तर देतो. लाटवियाची लोकसंख्या १९ लाखांच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या एकट्या जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याएवढा देश, त्याची स्वतःची भाषा, स्वतःची चित्रपटगृहे. तिथे ‘फ्लो’ ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस प्रदर्शित झाला आणि तीन लाखांहून अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला. साधारण सहा माणसांमागे एक तिकीट. जालन्यातल्या प्रत्येक सहाव्या माणसाने एकच चित्रपट थिएटरात जाऊन पाहिला, अशी कल्पना करून पाहिली की या आकड्याचे वजन कळते. देश पुन्हा स्वतंत्र झाल्यानंतर तिथल्या चित्रपटगृहांत सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट तोच ठरला, आणि हा मान मिळवताना त्याने हॉलिवूडच्या महाकाय चित्रपटांनाही मागे टाकले.

हे सगळे पहिल्या आठवड्यात झाले नाही. जानेवारी २०२५ मध्ये गोल्डन ग्लोब हा अमेरिकी चित्रपट पुरस्कार मिळाला, त्याचे मानचिन्ह राजधानी रीगातल्या राष्ट्रीय कला संग्रहालयात ठेवले गेले आणि ते पाहायला थंडीत रांगा लागल्या. ज्यांनी चित्रपट पाहिला नव्हता ते मग थिएटरकडे वळले. असे असले तरी जागतिक बेरजेत लाटवियाचा वाटा मर्यादितच राहणार, कारण तीन लाख तिकिटांचे पैसे होऊन होऊन किती होणार? घरचा विक्रम आणि बाहेरचा व्यवसाय हे दोन वेगळे हिशेब आहेत.

अमेरिकेत तो फक्त दोन चित्रपटगृहांत का लावला? एवढा चांगला होता तर हजार ठिकाणी का नाही?

२२ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस मिळून दोनच ठिकाणी तो लागला आणि पहिल्या शनिवार-रविवारसह सुमारे ५० हजार डॉलर जमले, हे खरे आहे. ही दुबळी सुरुवात नव्हती, ठरवून केलेली होती. हजार ठिकाणी चित्रपट लावायचा तर त्याची जाहिरातही तेवढ्याच प्रमाणात करावी लागते, आणि तो खर्च ‘फ्लो’च्या निर्मितीखर्चाच्या कितीतरी पट झाला असता. त्याऐवजी दोन ठिकाणी हाऊसफुल्ल खेळ करायचे, प्रति चित्रपटगृह सरासरी दाखवायची, समीक्षा येऊ द्यायच्या आणि मग शहरामागून शहर वाढवत न्यायचे, ही तिथल्या कलात्मक चित्रपटांच्या वितरकांची जुनी रीत आहे. जानस फिल्म्स आणि साइडशो या अमेरिकी वितरकांच्या जोडीने तीच वापरली.

आपल्याकडचे जुने वितरक एखादा चित्रपट आधी एका गावात चालवून पाहायचे आणि मग तीच रिळे पुढच्या गावाला पाठवायचे, त्या पद्धतीशी याचे दूरचे नाते आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे रिळे कमी होती म्हणून तसे करावे लागत असे.

सर्वाधिक कमाई कुठे झाली?

फ्रान्स आणि मेक्सिको हे त्याचे सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी दोन देश. फ्रान्सचे समजण्यासारखे आहे. तो सहनिर्माता देश, कलात्मक चित्रपटगृहांचे जाळे दाट, आणि ३० ऑक्टोबर ही तारीख शाळांच्या शरद ऋतूतल्या सुटीत नेमकी बसवलेली. मेक्सिकोचे मात्र अनेकांना आश्चर्य वाटते. तिथे तो २०२५ च्या पहिल्याच दिवशी लागला, काही दिवसांत गोल्डन ग्लोबची बातमी आली आणि प्रेक्षक वाढत गेले. मेक्सिकोत चित्रपटगृहात जाण्याची सवय टिकून आहे आणि तिकीट अमेरिकेपेक्षा बरेच स्वस्त आहे, त्यामुळे तिथला डॉलरमधला आकडा पाहताना त्यामागची माणसे जास्त आहेत, हे लक्षात ठेवावे.

संवाद नसल्याचा परदेशात फायदा झाला का?

झाला, परंतु लोक समजतात तेवढा सरळ नव्हे. डबिंगचा खर्च वाचतो, उपशीर्षके लावावी लागत नाहीत, आणि ज्या देशांत लहान मुलांना उपशीर्षके वाचता येत नाहीत म्हणून पालक परदेशी चित्रपट टाळतात तो अडसर राहत नाही. उलट बाजूही आहे. डबिंगसाठी स्थानिक नटांचे आवाज घेतले की जाहिरातीला ओळखीचे नाव मिळते. ‘फ्लो’ला ते कुठेच मिळाले नाही. जाता जाता सांगायचे तर प्राण्यांचे आवाज खऱ्या प्राण्यांचेच आहेत, मात्र कॅपिबाराचा आवाज कानाला बरा लागेना म्हणून त्याला उंटाच्या पिलाचा आवाज दिला आहे. हेही एक प्रकारचे डबिंगच झाले.

ऑस्करमुळे किती फरक पडला?

ऑस्कर मिळण्याआधी झालेला फरक जास्त मोलाचा होता. ‘फ्लो’ला अॅनिमेशनपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा दोन गटांत नामांकन मिळाले आणि २ मार्च २०२५ रोजी पहिल्या गटाचा पुरस्कार मिळाला, लाटवियाला मिळालेले ते पहिले ऑस्कर. जर्मनी, ब्रिटन आणि जपानमधल्या वितरकांनी प्रदर्शनाच्या तारखा मार्चमध्ये ठेवल्या होत्या, त्यामुळे त्यांना ‘ऑस्करविजेता’ ही पाटी पहिल्याच दिवसापासून लावता आली. अमेरिकेत मात्र तोवर चित्रपट घरबसल्या पाहण्यासाठी उपलब्ध झालेला होता, आणि पुरस्काराचा बराचसा फायदा चित्रपटगृहाबाहेर गेला असणार. ऑनलाइन पाहणाऱ्यांचे पैसे तिकीटबारीच्या आकड्यात धरले जात नाहीत, ही गोष्ट अनेकजण विसरतात.

मोठ्या स्टुडिओंच्या चित्रपटांशी तुलना केली तर?

त्याच ऑस्करच्या शर्यतीत ‘इनसाइड आउट २’ होता. त्याचे बजेट सुमारे २० कोटी डॉलर, आणि जगभरातली तिकीटविक्री १६९ कोटी डॉलरच्या वर. बेरीज पाहिली तर ‘फ्लो’ त्याच्या पासंगालाही पुरत नाही. गुणोत्तर पाहिले तर तिथे साडेआठपट आणि इथे सुमारे दहापट. गुणोत्तर पाहून हुरळून जाऊ नये, हेही खरे, कारण दहापट असली तरी ती लहान रकमेची दहापट आहे आणि ती कित्येक देशांतल्या कित्येक वितरकांत वाटली गेलेली आहे.

मला अधिक उद्बोधक वाटणारी तुलना आपल्याच देशातली आहे. २५ जुलै २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘महावतार नरसिंह’ने ३०० कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला आणि तो सर्वाधिक कमाईचा भारतीय अॅनिमेशनपट ठरला. रुपयांत मोजले तर दोन्ही चित्रपट एकमेकांच्या आसपास येतात. पण वाटा पूर्णपणे उलट्या आहेत. ‘महावतार नरसिंह’ला प्रह्लादाची कथा आधीच ठाऊक असलेला प्रेक्षक लाभला, आणि त्याची बहुतेक सगळी कमाई एका देशातून, अनेक भाषांतल्या डबिंगच्या बळावर झाली. ‘फ्लो’ची भाषा कोणतीच नव्हती आणि त्याने देशोदेशी थोडे थोडे गोळा केले. एकाचे सगळे रान एकाच शिवारात, दुसऱ्याचे तुकडे शंभर गावांत. तुकड्यांच्या शेतीत राखणदारीचा खर्च जास्त येतो, हे आपल्याकडे कोणीही सांगेल, आणि चित्रपटांच्या बाबतीत तो खर्च विक्री प्रतिनिधी व स्थानिक वितरक यांच्या वाट्याच्या रूपाने दिसतो.

याआधी एखाद्या स्वतंत्र अॅनिमेशनपटाला असे यश मिळाले होते का?

होय. २०१७ सालचा ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ ही पोलंड-ब्रिटन सहनिर्मिती, सुमारे १२५ चित्रकारांनी तैलरंगांत काढलेल्या ६५ हजारांच्या आसपास चौकटींची. बजेट साधारण ५५ लाख डॉलर आणि जगभरातली विक्री चार कोटी डॉलरच्या पुढे.

वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसतात. कोणता खरा मानावा?

बहुतेक वेळा सगळेच आपापल्या जागी खरे असतात. एका ठिकाणी फक्त काही देशांची नोंद असते, दुसऱ्या ठिकाणी नंतरच्या पुनःप्रदर्शनाची भर असते, आणि युरो, पेसो, येन यांचे डॉलर कोणत्या दिवसाच्या दराने केले यावरही बेरीज हलते. म्हणून मी स्वतः शक्य तिथे प्रेक्षकसंख्या पाहतो. फ्रान्समध्ये चित्रपटाचे यश पैशांत न सांगता ‘किती प्रवेश’ असे सांगण्याचीच पद्धत आहे, आणि स्ट्रासबूर्ग येथील युरोपीय दृक्श्राव्य वेधशाळा युरोपभरातल्या तिकीटसंख्येची नोंद ठेवते. पैशाचा दर बदलतो, महागाई वाढते. खुर्चीवर बसलेला माणूस एकच राहतो.

हा चित्रपट ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर तयार झाला. मग नांदेड-लातूरच्या मुलांनाही हे जमेल?

सॉफ्टवेअर मोफत आहे. वेळ मोफत नाही. ‘फ्लो’ पूर्ण व्हायला सुमारे साडेपाच वर्षे लागली आणि तेवढा काळ लोकांचे पगार निघावेत एवढा निधी तीन देशांनी मिळून उभा केला. ब्लेंडरमुळे परवान्याचा खर्च वाचला आणि दृश्ये लगेच तयार होऊन दिसत असल्याने काम सोपे झाले, हे निश्चित. परंतु ‘मोफत सॉफ्टवेअरने हॉलिवूडला हरवले’ हे वाक्य जितक्या उत्साहाने समाजमाध्यमांवर फिरते, तितके ते खरे नाही. आपल्याकडच्या मुलामुलींमध्ये कौशल्याची वाण नाही. वाण आहे ती पाच वर्षे धीर धरणाऱ्या पैशाची आणि परदेशी भागीदाराची. भारत आणि फ्रान्स यांच्यात चित्रपट सहनिर्मितीचा करार आहे, आणि गोव्यात दर नोव्हेंबरला भरणाऱ्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या फिल्म बाजारात अपुऱ्या प्रकल्पांनाही परदेशी निर्माते भेटतात. कुणाला खरोखर हा रस्ता धरायचा असेल तर पहिली पाच-सात मिनिटांची लघुफीत पुरी करून तिथे जावे. नुसती संहिता घेऊन गेलेल्यांची तिथे भाऊगर्दी असते.

मराठवाड्यात असे चित्रपट थिएटरात का लागत नाहीत?

पडद्यांची संख्या कमी, आणि आहेत त्यांवर शुक्रवारी येणारे हिंदी, दाक्षिणात्य आणि मराठी चित्रपट आधीच दाटीवाटीने बसवलेले. संवाद नसलेल्या चित्रपटाला दुपारचा एक खेळ दिला आणि चाळीस माणसे आली, तर वितरकाला त्या प्रतीचा आणि जाहिरातीचा खर्चही सुटत नाही. छत्रपती संभाजीनगरला भरणाऱ्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने जागतिक चित्रपट पाहणारा प्रेक्षक इथे तयार केला आहे, पण महोत्सवात पास काढून पाहिलेले चित्रपट या हिशेबात येत नाहीत. त्यामुळे जागतिक बेरजेत आपली नोंद होत नाही आणि नोंद नाही म्हणून पुढच्या वेळी इकडे चित्रपट पाठवावा असे कुणाला वाटत नाही.

अंतिम आकडा कधी ठरतो?

चित्रपटगृहांपुरता तो प्रदर्शनानंतर दीड-दोन वर्षांत स्थिरावतो, तरी शालेय खेळ, उन्हाळी खुल्या मैदानातले खेळ आणि पुनःप्रदर्शने यांची थोडी थोडी भर पडत राहते. निर्मात्याची पट्टी मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे चालू असते. दूरचित्रवाणीचे हक्क, ऑनलाइन मंचांचे करार आणि मुदत संपलेल्या हक्कांची नव्याने विक्री यांचे हिशेब साधारणपणे दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने येतात, आणि ते कोणत्याही संकेतस्थळावर दिसत नाहीत.